एजंटला दुसऱ्या वर्षाबद्दल विचारा : पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर आणि उपनगरांतील ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यक्रम समित्या यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

अलीकडे आपल्यापैकी काही संघांच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘निवृत्त व्हा, थायलंडला राहा’ अशा धर्तीची व्याख्यानं दिसू लागली आहेत. पुण्याहून बँकॉकला थेट विमान झालं, २०२४च्या जुलैत भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची सवलत मिळाली, आणि एजंट मंडळींना नवं गिऱ्हाईक दिसलं. हे गिऱ्हाईक तुमच्या सभागृहात दर आठवड्याला आयतं बसलेलं असतं. कोथरूडमधल्या अशाच एका व्याख्यानाला मी गेले होते. हॉल भरलेला, वक्ता तरतरीत, पडद्यावर समुद्रकिनारा, शेवटी चहा-बिस्किटं आणि नोंदणीचा अर्ज. त्यानं सांगितलं त्यातलं फारसं काही खोटं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीच्या कारणावर थायलंड वर्षभर राहू देतं, हे खरं. खर्च आटोक्यात राहतो, हेही बऱ्याच अंशी खरं. त्यानं जे सांगितलं नाही, त्यासाठी हे पत्र.

मी बँकेतून निवृत्त झालेली. मिस्टर कारखान्यात होते. काही वर्षांपासून आम्ही दोघं उत्तर थायलंडमध्ये चियांग माईला राहतो आणि तिकडे शेतं-जंगलं जाळल्याचा धूर कोंडायला लागला की, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून, पुण्याला येतो. पुण्याचं ऊन सोसतं, तो धूर नाही सोसत. तिथे आम्ही सुखात आहोत हे आधीच सांगते, नाहीतर ‘पस्तावलेल्या दिसतात’ असं म्हणून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल.

व्याख्यानात पहिल्या वर्षाचीच गोष्ट होती. कागद जमवा, फी भरा, शिक्का घ्या, उडा. पण परवानगी मिळते वर्षाची. पुढच्या वर्षी पैसे आहेत, पत्ता आहे, वागणूक नीट आहे, हे पुन्हा पहिल्यापासून दाखवायचं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तुम्ही तिथे दहा वर्षं राहिलात म्हणून अकराव्या वर्षी कोणी ओळखीवर सोडत नाही. पासष्टाव्या वर्षी हे सगळं हसत-खेळत होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असताना, त्याच खिडकीसमोर तीच फाईल घेऊन उभं राहायचं असतं. तुमच्या सभासदांनी निर्णय घ्यायचा तो हे धरून, आणि व्याख्यानात याला एक वाक्यही मिळालं नाही.

आता पैशांचं. निवृत्त म्हणून जायचे नेहमीचे रस्ते दोन. एक, भारतातूनच थाई वकिलातीकडून ‘नॉन-इमिग्रंट ओ-ए’ घेऊन जायचं. दुसरा, तिथे पोहोचून आधी ९० दिवसांचा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ घ्यायचा आणि मग वर्षाची मुदतवाढ मागायची. व्याख्यानात प्रचार होता ओ-एचा, कारण त्याची कामं पुण्यातून होतात आणि एजंटची फीही पुण्यातच जमा होते. त्यासाठी ८ लाख थाई बात, म्हणजे आजच्या भावानं वीस लाख रुपयांच्या वर, एवढी शिल्लक दाखवायची. पहिल्या अर्जाला ती आपल्या इथल्या बँकेतली असली तरी चालते. वक्त्यानं हे सांगितलं तेव्हा हॉलमधली मंडळी सैलावून बसली. एफडी मोडायची नाही, सिनियर सिटिझनचा जादा दर बुडायचा नाही, नुसतं बँकेचं पत्र जोडायचं!

मुदतवाढीच्या वेळी मात्र ही रक्कम थायलंडमधल्या बँकेत, अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर लागते. अर्जाच्या आधी दोन महिने ती तिथे पडून असली पाहिजे. मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावायचा नाही. पुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये, आणि पुढचा अर्ज जवळ आला की पुन्हा ८ लाख. दुसरा पर्याय आहे तो महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवण्याचा, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. दरमहा एवढी पेन्शन असलेले आपल्या संघात किती, ते तुम्हीच मोजा. पैसे आणि उत्पन्न मिळून वर्षाचे ८ लाख भरवण्याची तिसरी सोयही आहे, पण तिच्यात कागद दुप्पट.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हा हिशेब असा दिसतो: ४ लाख बात कायमचे अडकलेले, वरचे ४ लाख वर्षातले निदान पाच महिने अडकलेले, आणि बचत खात्यावर व्याज नावापुरतं. ही रक्कम तुमची आहे, पण अडीअडचणीची नाही. मे महिन्यात हृदयाचं दुखणं निघालं, हॉस्पिटलनं अनामत मागितली आणि तुम्ही या खात्यातून दिली, तर त्या दिवशी कोणी काही म्हणणार नाही. पुढच्या वर्षी खिडकीतला अधिकारी बारा महिन्यांचा खातेउतारा बोटानं खाली खाली बघत येईल आणि मे महिन्याशी थांबेल. म्हणून हे पैसे बाजूला ठेवून, आजारपणासाठी वेगळी रक्कम ज्याच्याकडे असेल त्यानंच तिकडची वाट धरावी. वक्त्यानं ८ लाखांचा आकडा असा सांगितला, की जणू तीच आपली औषधपाण्याची तरतूद.

ओ-एवाल्यांना वर आरोग्यविमाही लागतो, ३० लाख बातांचा, आणि मुदतवाढीच्या वेळी तो चालू असावा लागतो. सत्तरीतल्या, मधुमेह आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या माणसाला असा विमा कितीला मिळतो हे आधी विचारून घ्या. मिळाला तरी जुनी दुखणी वगळूनच मिळतो. साध्या ओ-वरच्या मुदतवाढीला विम्याची सक्ती नाही. दोन रस्त्यांतला हा फरक मी सभेत विचारला, तर वक्ते म्हणाले, ‘ताई, ते नंतर बघता येतं.’ नंतर म्हणजे कधी? एकदा ओ-एवर गेलात की मुदतवाढही ओ-एचीच होत राहते. सुटायचं तर देश सोडून नव्यानं सुरुवात.

मुदतवाढीचा दिवस कसा असतो ते थोडं सांगते, कारण माहितीपत्रकात त्याचा फोटो नाही. सकाळी आधी बँक. पासबुकात शंभर-दोनशे बात टाकून त्या दिवसाची ताजी नोंद करून घ्यायची, खात्याचं पत्र आणि उतारा घ्यायचा. मग इमिग्रेशन ऑफिस. टीएम-७ नावाचा फॉर्म, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या पानांच्या, घरभाड्याच्या कराराच्या, पासबुकाच्या प्रत्येक पानाच्या झेरॉक्स, आणि एकूण एक झेरॉक्सवर निळ्या शाईनं सही. आमच्याकडे बाजूच्या झेरॉक्सच्या टपरीवर एक बाई बसतात. त्यांना इंग्रजी येत नाही, मला थाई जेमतेम. फाईल त्यांच्यासमोर ठेवली की त्या पत्ते पिसावेत तशी पानं उलटतात, सही राहिलेलं पान बाहेर काढून त्यावर टिचकी मारतात, घरमालकानं आमच्या मुक्कामाची नोंद केल्याची टीएम-३०ची पावती वर सरकवतात, चुकीच्या जागी मारलेली पिन उपटून पुन्हा मारतात. घराचा हातानं काढलेला नकाशा कोणत्या ऑफिसात लागतो आणि कोणत्या ऑफिसात लागत नाही, हे त्यांच्याइतकं पुण्यातल्या कुठल्याही एजंटला ठाऊक नाही. नियम देशभर एक, पण कागदांची यादी ऑफिसागणिक वेगळी. सरकारी फी १,९०० बात. एवढंच. त्यापुढे तुम्ही जे द्याल ते एजंटचं.

आता व्याख्यानानंतर चहाच्या वेळी हळू आवाजात चाललेली गोष्ट. ‘८ लाख नसतील तरी काळजी करू नका, आमचे तिकडचे लोक तुमच्या नावावर तेवढ्यापुरते पैसे दाखवतात.’ माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी हे ऐकून मान डोलावली. ज्यांनी आयुष्यभर पोरांना कॉपी करू दिली नाही, त्यांनी! असे उद्योग तिथे चालतात, नाही असं नाही. पण खोट्या शिलकीवर मिळवलेल्या परवानगीत फसलं तर देशाबाहेर काढतात ते तुम्हाला, एजंटला नाही. शिवाय पासपोर्ट आणि पासबुक काही दिवस त्या माणसाच्या हातात जातं. संघाच्या हॉलमध्ये, संघाच्या बॅनरखाली हे बोललं गेलं, हे पदाधिकाऱ्यांनी मनावर घ्यावं.

जोडप्यांसाठी एक सोय आहे. दोघांपैकी एकानं ८ लाख दाखवायचे आणि दुसऱ्यानं त्याच्यावर अवलंबून असलेला जोडीदार म्हणून राहायचं. स्वस्त पडतं म्हणून बहुतेक जण हेच करतात. इथे आपल्या पिढीचं घोडं पेंड खातं. आमचं लग्न झालं मंगल कार्यालयात. पंगती उठल्या, वरात निघाली. लग्नाची नोंदणी करायला हवी हे कोणाच्या डोक्यात होतं? थाई अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र हवं. मग उतारवयात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन वरवधू म्हणून अर्ज भरायचा, तीन साक्षीदार न्यायचे, जुनी लग्नपत्रिका शोधायची, आणि ज्या गुरुजींनी लग्न लावलं ते हयात नसतील तर प्रतिज्ञापत्र करायचं. त्यातून कित्येक घरांत लग्नात बायकोचं नाव बदललेलं. पत्रिकेवर चि. सौ. कां. सुमन, पासपोर्टवर वैशाली, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच आडनाव. या दोन्ही बायका एकच आहेत हे आधी आपल्या सरकारला पटवायचं, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई भाषांतर, मग तिकडचे शिक्के. हे चियांग माईत बसून होत नाही. ज्यांचा जायचा विचार नक्की आहे त्यांनी विमानाच्या तिकिटाआधी हे प्रमाणपत्र काढावं. ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांनीही काढून ठेवावं, पेन्शनच्या कामाला येतं.

याच सोयीची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. थायलंडमधल्या बँकखात्याला आपल्यासारखं नॉमिनेशन नसतं. खातेदार गेला की खातं गोठतं आणि तिथल्या न्यायालयानं नेमलेल्या व्यवस्थापकाशिवाय उघडत नाही. पैसे नवऱ्याच्या नावावर, बायको त्याच्यावर अवलंबून म्हणून राहतेय, आणि तो गेला, तर तिच्या राहण्याचं कारणच संपतं. तिला राहता येतं, पण स्वतःच्या नावावर ८ लाख बात असतील आणि तेही दोन महिन्यांपासून असतील तर. आमच्या ओळखीच्या एका काकूंना तेराव्याच्या आत सामान आवरायला घ्यावं लागलं, घराचं भाडं वर्षअखेरपर्यंत भरलेलं असताना. तेव्हापासून आम्ही दोघं वेगवेगळा अर्ज करतो, दोघांची रक्कम आपापल्या नावावर, आणि दोघांनी तिथल्या मालमत्तेपुरतं थाई मृत्युपत्र केलेलं आहे. महाग पडतं. ज्यांना दोन्हीकडे ८-८ लाख ठेवणं जमत नाही त्यांनी निदान मृत्युपत्र करावं, आणि आपल्यामागे जोडीदार पुण्यात कुठे राहणार याचं उत्तर तयार ठेवावं. पुण्यातला फ्लॅट विकून जाऊ नये, हे तर मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

बारीकसारीक नियम बरेच आहेत, ते सवयीचे होतात. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, १५ दिवस आधीपासून ते ७ दिवस नंतरपर्यंत, आता घरबसल्याही होतं. चुकलं तर २ हजार बात दंड. देशाबाहेर पडायच्या आधी री-एंट्री परमिट घ्यायचं, एका वेळचं १ हजार, वर्षभर कितीही वेळा ये-जा करायचं ३,८०० बात. हे विसरून नातवाच्या मुंजीला पुण्यात आलात, तर वर्षाची परवानगी विमानतळावरच संपली, ८ लाख खात्यात असले तरी. एवढं एक मात्र फ्रिजवर लिहून लावण्यासारखं आहे.

इकडच्या बाजूचंही बोलायला हवं, कारण एजंटला त्यात रस नसतो. पुण्याहून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला पुरून उरते. पण एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, तोवर अडकतो. वीस-बावीस लाख एकट्याच्या पॅनवर, एकाच आर्थिक वर्षात पाठवणाऱ्याचे दोन लाखांच्या वर असे जाऊन बसतात. मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे पाठवले की हा त्रास बराचसा वाचतो, फक्त त्या दोन महिन्यांच्या अटीचं गणित सांभाळून. पुढे कायम तिकडे राहू लागलात की फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तुम्ही अनिवासी होता. मग बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करावं लागतं, ठेवींवरचा ज्येष्ठांचा अर्धा टक्का सहसा जातो, एनआरओच्या व्याजावर ३० टक्के कर आणि वर उपकर कापला जातो, आणि पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना नव्यानं घेता येत नाही. तिकडे २०२४ पासून, वर्षात १८० दिवस राहणाऱ्यानं बाहेरून आणलेलं उत्पन्नही कराच्या कक्षेत आलं आहे. दोन देशांत करार असला तरी एकदा सीएकडे बसून कागदावर मांडावं. आणि ओटीपी! भारतीय सिमचं रोमिंग बंद पडलं की आपलेच पैसे आपल्याला ओळखत नाहीत. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याचं आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, एवढी मात्र खरी सुधारणा झाली.

आपल्यातले पुष्कळ जण तिकडे गेल्यावर ‘योगवर्ग घेईन, तेवढाच विरंगुळा’ म्हणतात. निवृत्त म्हणून राहणाऱ्याला तिथे काम करता येत नाही, आणि फुकट शिकवणंसुद्धा वर्क परमिटशिवाय अडचणीचं ठरतं. बागेत स्वतःची आसनं करा, कोणी अडवत नाही. समोर चटया मांडून वर्ग घेऊ नका.

हे सगळं ऐकून काही मंडळी थाई सरकारला जाचक म्हणतात. त्यांना एकच विचारते, आपल्या देशात परदेशी निवृत्तांसाठी असा व्हिसा आहे का? नाही. पेन्शनरांचं म्हणून मिरवणाऱ्या या शहरात एखाद्या जर्मन किंवा जपानी आजोबांना केवळ म्हातारपण घालवायला राहायचं म्हटलं, तर तसा अर्जच नाही. थायलंड निदान अट सांगतं आणि ती पाळली की राहू देतं.

तर आता मागणी. अशा व्याख्यानांना हॉल देऊ नका असं मी म्हणत नाही. देताना आधी लेखी घ्या, की वक्ता मुदतवाढीवर, जोडीदाराच्या हक्कांवर आणि विम्यावर बोलेल. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी तिसरी-चौथी मुदतवाढ केलेलं एखादं जोडपं समोर आणायला सांगा; सुट्टीत पुण्याला आलेलं सापडतंच. नोंदणीचे अर्ज हॉलच्या दारात वाटू देऊ नका, लोकांना घरी जाऊन मुलाबाळांशी बोलू दे. संघात निवृत्त बँकवाले, वकील, सीए असतात, त्यांची महिन्यातून एक बैठक ठेवा आणि जाणाऱ्यांची कागदपत्रं फुकट तपासून द्या. विवाह नोंदणीसाठी क्षेत्रीय कार्यालयाशी बोलून एखादा दिवस ज्येष्ठांसाठी मागून घ्या. परदेशी न जाणाऱ्यांचीही रांग लागेल. आणि चहाच्या वेळी शिल्लक ‘दाखवून देणारा’ कोणी भेटला, तर त्याला बाकीच्या संघांचा दरवाजाही बंद व्हावा म्हणून एकमेकांना कळवा. फेस्कॉमची, म्हणजे आपल्या राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाची, पत्रकं सगळीकडे जातात, त्यात चार ओळी छापायला हरकत नसावी.

मे अखेरपर्यंत आम्ही पुण्यात आहोत. ज्या संघाला हवं असेल तिथे येऊन मी मुदतवाढीची आमची पूर्ण फाईल, पानापानावरच्या सह्यांसकट, दाखवायला तयार आहे. प्रोजेक्टर लागणार नाही, मानधन नको. सकाळची वेळ ठेवा आणि प्रश्नांना निदान तासभर द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड (आणि वर्षातले काही महिने चियांग माई)